स्ट्रेच कपडा ओळखायचा, निवडायचा, धुवायचा आणि शिवायचा कसा, आणि हा स्ट्रेच मुळात आला कुठून

गुडघ्यात फुगे आलेली जीन्स, कंबरेतून घसरणारी ट्रॅक पँट, धुवून धुवून लुळी पडलेली लेगिंग, असं काही झालं की आपण म्हणतो कापडच खराब निघालं. बऱ्याचदा कापड तसं ठीक असतं, पण ते नेमकं कशाच्या जोरावर ताणतंय हे आपल्याला माहीत नसतं आणि मग आपण ते नको तिथे वापरतो, नको तसं धुतो आणि शिवणारे असू तर नको त्या सुईने शिवतो.

कापड तीन प्रकारे ताणू शकतं. एक विणीमुळे, दुसरं धाग्याला मुद्दाम कुरळं केल्यामुळे, आणि तिसरं म्हणजे आतला तंतूच लवचिक असल्यामुळे. हे तिन्ही प्रकार रोजच्या कपड्यांत वेगवेगळ्या काळात आले, पहिल्यानंतर बाकीचे दोन यायला शेकडो वर्षं गेली, आणि आज तुमच्या कपाटात ते तिघं शेजारी शेजारी पडलेत. म्हणून मी इथे इतिहास सांगत सांगतच कृती लिहितेय, कारण कुठला स्ट्रेच कुठून आला हे एकदा डोक्यात बसलं की त्याला काय चालतं नि काय चालत नाही हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आधी हातात घेऊन बघा

लेबल नंतर वाचा. कपडा उलटा करा आणि आतून शिवणीजवळ नीट बघा, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी दिसतं. ओळीने बारीक बारीक फासे दिसले, इंग्रजी व्ही एकावर एक रचल्यासारखे, तर ते होजिअरी म्हणजे निट कापड. उभे आणि आडवे धागे एकमेकांच्या खालून वरून गेलेले दिसले तर ते मागावर विणलेलं कापड. आता लांबीत ओढा, रुंदीत ओढा, मग कोपऱ्यातून तिरकं ओढा.

मागावरचं साधं कापड लांबी रुंदीत हलत नाही पण तिरकं ओढलं की ताणतं, कारण तिरक्या दिशेला उभे आडवे धागे एकमेकांच्या कोनात सरकतात. शिवणकामात ज्याला उरेब म्हणतात तो हाच. १९२० च्या दशकात पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी अख्खे ड्रेस या ४५ अंशाच्या तिरक्या दिशेने कापून अंगाला बिलगणारे केले, एकही रबरी धागा न घालता. तेव्हा मागावरचं कापड फक्त तिरकं ताणत असेल तर त्यात स्ट्रेच धागा नाही असं समजा. रुंदीत ताणत असेल तर आडव्या धाग्यात काहीतरी आहे. लांबीतही आणि रुंदीतही ताणत असेल तर ते फोर वे स्ट्रेच.

मग सोडून बघा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ताणणं काय, सैल विणलेलं कुठलंही कापड ताणेल, परत जागेवर येणं ही खरी परीक्षा आहे, आणि कपड्यातल्या स्ट्रेचचा सगळा इतिहास म्हणजे हे परत येणं कसं जमवायचं याचाच शोध आहे असं माझं ठाम मत आहे.

वीण

मागावर धागा सरळ बसलेला असतो, त्याला जायला जागा नसते. विणकामात मात्र धागा फाशाफाशातून वळत जातो, ओढलं की फासा रुंद होतो आणि उंचीला कमी होतो, सोडलं की थोडाफार परत येतो. सुती धागा स्वतः जेमतेम लांबतो, सगळा खेळ त्या फाशाच्या आकाराचा.

हाताने सुयांवर विणलेले मोजे युरोपात आधीपासून होतेच. १५८९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली या पाद्र्याने मोजे विणायचं यंत्र तयार केलं, स्टॉकिंग फ्रेम. राणी पहिल्या एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारलं असं सांगतात, हाताने विणून पोट भरणाऱ्यांचं काम जाईल म्हणून. ली पुढे फ्रान्सला गेला. यंत्र मात्र टिकलं आणि १७५८-५९ च्या सुमारास डर्बीच्या जेडेडाया स्ट्रटने त्याला जोड बसवून रिब विणायची सोय केली. रिब म्हणजे एक सुलट एक उलट अशा उभ्या ओळी, त्या आपसूक एकमेकींजवळ मिटतात, म्हणून रिब साध्या विणीपेक्षा जास्त ताणते आणि जास्त परतही येते. तुमच्या स्वेटरच्या मनगटाला आणि टीशर्टच्या गळ्याला आजही तीच आहे, अडीचशे वर्षांत त्या जागेसाठी याहून सोपं काही सुचलेलं नाही.

होजिअरी बराच काळ मोजे आणि आतले कपडे यांच्यापुरतीच होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या सुमाराला, फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलने जर्सी कापड, जे तोवर मुख्यतः पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरायचे, ते बायकांच्या बाहेर घालायच्या कपड्यांसाठी घेतलं आणि मग हळूहळू निट कापड चारचौघांत घालायचं झालं. पोहायचे कपडेही तेव्हा विणलेल्या लोकरीचे असायचे, कोरडे असताना छान बसायचे पण ओले झाले की पाणी पिऊन जड व्हायचे आणि खाली लोंबायचे, कारण विणीचा स्ट्रेच वजन पेलत नाही.

यातून कृती काय निघते ते बघा. शंभर टक्के सुती निट कपडा सैल झाला तर घाबरू नका, धुतला की तो बराचसा परत येतो कारण पाण्यात आणि घुसळण्यात फासे पुन्हा आपल्या मूळ आकाराकडे जातात. गुडघा किंवा कोपर फुगलेला कपडा धुवून सपाट वाळवला आणि फुगा गेला, तर तो विणीचा स्ट्रेच होता. धुवूनही फुगा तसाच राहिला तर आतला लवचिक तंतू मेलाय, त्याला धुण्याचा उपाय नाही. ही एक चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. आणि जड निट कपडे हँगरवर टांगू नका, घडी घालून ठेवा, त्यांचं स्वतःचं वजनच त्यांना लांब करतं.

रबराचे दिवस

लंडनच्या थॉमस हॅनकॉकने १८२० मध्ये पेटंट घेतलं, हातमोजे, गॅलिस, बूट, मोजे यांना रबराच्या पट्ट्या लावायचं. कल्पना भारी होती पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक होऊन तुटायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं की रबर गंधकाबरोबर तापवलं की ते दोन्ही हवामानात नीट राहतं, त्याचं पेटंट १८४४ चं, आणि तिकडे हॅनकॉकनेही इंग्लंडमध्ये त्याच सुमारास स्वतःचं पेटंट काढलं. व्हल्कनायझेशन म्हणतात ते हेच. त्यानंतर बुटांच्या बाजूला इलास्टिकच्या पट्ट्या आल्या, गॅलिस आले, गार्टर म्हणजे मोजे वर धरून ठेवणारे पट्टे आले. तरी रबराचा धागा शीट कापून काढलेला, चौकोनी आणि जाड, तो पट्टीत चालायचा पण सबंध कापडात विणता यायचा नाही.

ते जमलं १९३१ च्या सुमारास. लॅटेक्स हे रबराचं दूध, ते बारीक भोकातून सोडून गोल पातळ धागा काढायचा आणि त्यावर सूत, रेशीम किंवा रेयॉन गुंडाळायचं, या धाग्याचं नाव लास्टेक्स. पोहायचे कपडे, गर्डल (पोट नितंब आवळून धरणारे आतले कपडे), ब्लाऊजला पाडायच्या चुण्या, सगळीकडे तो गेला. मग दुसरं महायुद्ध आलं, आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले, होतं ते रबर लष्कराला लागलं आणि कपड्यांतलं इलास्टिक एकदम टंचाईत गेलं. रबराला पर्याय शोधायची धडपड का वाढली हे यावरून कळेल.

रबर अजूनही आपल्यात आहे, स्वस्त इलास्टिकच्या पट्टीत बऱ्याचदा तेच असतं. ओळखायचं असं की पट्टीच्या कापलेल्या टोकाला बघा, पिवळसर किंवा करडे, अपारदर्शक, थोडे जाड धागे असतील तर रबर. पांढरेशुभ्र किंवा काचेसारखे पारदर्शक बारीक धागे असतील तर इलास्टेन, म्हणजे लायक्रा या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम लवचिक तंतू. रबराचे शत्रू म्हणजे ऊन, तेल आणि हवा. जुन्या कपड्याचं इलास्टिक ओढल्यावर करकर आवाज येतो आणि ते परत येत नाही, म्हणजे रबर आतून तडकलंय. आजीच्या काळातला असा चुण्यांचा कपडा जपून ठेवायचा असेल तर त्याला ओढून बघू नका अजिबात, आत मऊ कागद घालून, सपाट, अंधारात आणि थंड जागी ठेवा.

कुरळा धागा

हा प्रकार लोक विसरतात. नायलॉनचे मोजे अमेरिकेत १५ मे १९४० ला देशभर विक्रीला आले ते प्रसिद्ध आहे, पण ते नायलॉन सरळ होतं, फार ताणायचं नाही, पायाचं माप बरोबर असावं लागायचं. नायलॉनला एक गुण आहे, गरम असताना जो आकार द्याल तो थंड झाल्यावर ते लक्षात ठेवतं. स्वित्झर्लंडमधल्या वाटविल गावच्या हेबरलाइन कंपनीने याचाच वापर केला, धाग्याला भरपूर पीळ द्यायचा, उष्णतेने तो पक्का करायचा, मग पीळ उलगडायचा, की धागा जुन्या लँडलाइन फोनच्या वेटोळ्या वायरसारखा होतो. त्याचं नाव हेलांका. १९५० च्या दशकात त्याचे एकाच मापात अनेक पायांना बसणारे मोजे आले, आणि म्युनिकच्या बोग्नर यांच्या स्कीइंगच्या घट्ट पँट्स, लोकर आणि हेलांका एकत्र विणलेल्या, त्या इतक्या गाजल्या की बर्फावर न जाणारेही घालायला लागले.

आजचं नाव वेगळं असतं. लेबलवर इलास्टोमल्टीएस्टर असं लिहिलेलं दिसलं किंवा शंभर टक्के पॉलिएस्टर असूनही मागावरचं कापड ताणत असेल तर हा कुरळा धागा आहे. तो इलास्टेनएवढा ताणत नाही पण क्लोरीन आणि ऊन जास्त सोसतो. ऑफिसच्या पँटला, बॅग घेऊन रोज वापरायच्या जॅकेटला मी हाच घेईन.

इलास्टेन

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या वेन्सबरो इथे ड्यूपाँट कंपनीची प्रयोगशाळा होती, तिथे जोसेफ शिव्हर्स नावाचे रसायनतज्ज्ञ बरीच वर्षं रबराला पर्याय शोधत होते. १९५८ मध्ये त्यांना हवा तसा तंतू मिळाला, १९५९ मध्ये कंपनीने तो जाहीर केला, आणि १९६२ पासून मोठं उत्पादन सुरू झालं. लायक्रा हे त्या कंपनीने दिलेलं ब्रँडचं नाव, तंतूचं नाव अमेरिकेत स्पँडेक्स, युरोपात आणि बऱ्याच इतर ठिकाणी इलास्टेन. लेबलवर तिघांपैकी काहीही लिहिलं असलं तरी जात एकच.

पॉलीयुरेथेन या प्लॅस्टिकचं रसायनशास्त्र जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्येच मांडलं होतं, हा तंतू त्याच घराण्यातला. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत मऊ आणि कडक तुकडे आलटून पालटून असतात. मऊ तुकडे मोकळे असताना वेडेवाकडे गोळा होऊन पडलेले असतात आणि ओढले की सरळ होतात, कडक तुकडे शेजारच्या साखळ्यांतल्या कडक तुकड्यांना घट्ट धरून बसतात त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून घसरून जात नाहीत, आणि सोडलं की सगळं मागे येतं. पाचपट लांब होऊनही परत येतो असा हा तंतू, शिवाय रबरापेक्षा खूप बारीक काढता येतो, रंगवता येतो, घाम आणि साबण सोसतो. कडक तुकड्यांची ही पकड लक्षात ठेवा, पुढे धुण्याच्या वेळी लागेल, कारण उष्णता आणि क्लोरीन हल्ला करतात तो या साखळीवरच.

सुरुवातीला हे गेलं गर्डलमध्ये, कारण रबराच्या गर्डलला कंटाळलेल्या बायका हीच मोठी बाजारपेठ होती. आणि मग १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवटी बायकांनी गर्डल घालणंच सोडायला सुरुवात केली. १९५९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्लेन रेव्हन मिल्सने कंबरेपासून पायापर्यंत सलग पँटीहोज काढले होते, मिनीस्कर्ट आल्यावर ते जोरात चालले, गार्टरची गरज संपली. तंतू तयार होता, ग्राहक दुसरीकडे चालले होते, तेव्हा तो बाहेरच्या कपड्यांत आला, पोहायचे कपडे, नाचाचे लिओटार्ड, सायकलवाल्यांच्या शॉर्ट्स ज्या तोवर लोकरीच्या असायच्या, आणि १९८० च्या दशकात एरोबिक्सची लाट आल्यावर लेगिंग. आवळून धरण्यासाठी केलेला तंतू मोकळं हलण्यासाठी वापरला जाऊ लागला, मला या सगळ्या इतिहासात हे वळण सगळ्यात आवडतं.

आपल्या लक्षात येत नाही पण त्याने कपड्यांचं कटिंगच बदललं. पूर्वी हालचालीला जागा शिवणारा द्यायचा, बगलेत जोड तुकडा, पाठीला चुणी, जादा घेर. घोड्यावर बसायच्या जोधपुरी ब्रीचेस मांडीला एवढ्या फुगीर का असायच्या? कापड ताणत नव्हतं, मांड टाकायला जागा हवी होती. स्ट्रेच कापड आल्यावर तो फुगा निघून गेला आणि रायडिंगच्या पँट्स पायाला चिकटून बसायला लागल्या.

स्ट्रेच जीन्सचं श्रेय १९७८ मध्ये लंडनच्या पीटर गोल्डिंग यांना दिलं जातं. जीन्समध्ये इलास्टेन उघडं नसतं, ते मध्ये गाभ्यात असतं आणि त्याच्याभोवती कापूस कातलेला असतो, असा धागा आडवा वापरतात. उभा निळा धागा साधा सुती. म्हणून जीन्स रुंदीत ताणते, लांबीत नाही, आणि म्हणून हाताला ती सुतीच लागते. बहुतेक जीन्समध्ये इलास्टेन १ ते ३ टक्केच असतं, टीशर्टमध्ये साधारण ५, लेगिंग आणि पोहायच्या कपड्यांत १५ ते २५.

विकत घेताना

एक पट्टी जवळ असली तर उत्तम, नसली तर बोटांनी अंदाज घ्या. कापडाची घडी घाला, घडीच्या काठावर १० सेंटीमीटर धरा आणि आरामात जेवढं जाईल तेवढंच ओढा, जीव खाऊन नाही. १० चं १२.५ झालं तर २५ टक्के स्ट्रेच, १५ झालं तर ५० टक्के. तसंच धरून सावकाश तीस अंक मोजा आणि सोडा. पुन्हा मोजा. १० च्या जवळपास आलं तर घ्या. १०.५ वर अडकलं तर विचार करा, कारण गुडघ्याला तुम्ही तीस अंक नाही, तासन्तास बसून ताण देणार आहात.

लेबलवरचा टक्का मोठा म्हणजे कापड चांगलं असं बिलकुल नाही. ३ टक्केवाली दाट विणलेली जाड जीन्स ६ टक्केवाल्या पातळ जीन्सपेक्षा आकार जास्त धरते, कारण बाकीचा कापूसही काम करत असतो. लेगिंग घेताना ती पूर्ण ताणून हात आत घालून उजेडासमोर धरा, त्वचेचा रंग दिसला तर वाकल्यावरही दिसणार. ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघणं अर्धवट आहे, बसा, उकिडवे बसा, हात वर करा, मग पुन्हा गुडघा आणि कंबरेची मागची बाजू बघा. जीन्स घालायला थोडी घट्टच घ्या, सुरुवातीच्या काही तासांत ती जराशी सैल होतेच. टीशर्ट किंवा कुर्ता सैल घालणार असाल तर मात्र इलास्टेनची गरजच नाही, सुती निट पुरतं, आणि असं एकाच तंतूचं कापड पुढे रिसायकल करायला पण सोपं, इलास्टेन थोडंसं जरी मिसळलेलं असलं तरी ते वेगळं काढणं अवघड जातं.

रोज क्लोरीनच्या पाण्यात पोहणार असाल तर पॉलिएस्टर आणि पीबीटी (पॉलिएस्टरचाच एक ताणणारा प्रकार) असं लिहिलेला कपडा शोधा, त्यात इलास्टेन नसतं, ताण कमी वाटतो पण खूप जास्त टिकतो.

धुणं आणि वाळवणं

उलटा करून, थंड किंवा फार तर ३० अंशाच्या पाण्यात, साध्या साबणाने. झिप बंद करा नाहीतर तिचे दात लेगिंगचे फासे ओढतात. क्लोरीनचं ब्लीच नको, वर सांगितलं ती साखळी तोडायचं काम ते नेमकं करतं आणि पांढरं इलास्टेन पिवळं पडतं. फॅब्रिक सॉफ्टनर नको, व्यायामाच्या कपड्यांना तर नकोच, त्याचा थर बसला की घाम शोषून बाहेर टाकायचं काम बंद होतं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. ड्रायर नको, सावलीत वाळवा, आणि ओला जड कपडा एका टोकाने लोंबत ठेवू नका, मधोमध दोरीवर घाला.

इस्त्री लागलीच तर सगळ्यात कमी तापमानावर आणि एका जागी न थांबता. कारखान्यात हे कापड १८०-१९० अंशाला काही सेकंद ताणून धरून त्याचं माप पक्कं करतात, हीट सेटिंग, म्हणजे उष्णतेने इलास्टेनचं माप बदलतं हे उघडच आहे, घरी गरम इस्त्री दाबून ठेवली की तेच काम वेड्यावाकड्या आकारात होतं.

घामाचा कपडा बॅगेत गोळा करून ठेवू नका. तलावातून आल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून घ्या, नंतर घरी गेल्यावर धुऊ म्हणून ठेवलं की क्लोरीन तोवर काम करत राहतं. अंगाला सनस्क्रीन किंवा तेल लावलं असेल तर ते पण नीट निघू द्या. एकच जीन्स रोज घालण्यापेक्षा मध्ये एक दिवस विश्रांती दिली तर ती जास्त दिवस नीट बसते.

कापडावर बारीक लाटा उठल्या, किंवा केसासारखे पारदर्शक कुरळे धागे बाहेर डोकावायला लागले तर समजा आतलं इलास्टेन तुटायला लागलंय. ते धागे ओढून काढू नका, अजून लांब निघतील, कात्रीने सपाट कापा.

घरी शिवायचं असेल तर

कापड आधी धुवून घ्या, मग ते टेबलावर रात्रभर मोकळं पसरून ठेवा, गुंडाळीत ताणलेलं असतं ते आपल्या मापात येतं. कापताना टेबलाखाली लोंबू देऊ नका. सगळ्यात जास्त स्ट्रेचची दिशा अंगाभोवती आडवी यायला हवी, हे उलटं झालं तर कपडा चढणारच नाही.

सुई बदला, ही गोष्ट टाळू नका. साधी टोकदार सुई निट कापडाचा धागा भोसकते आणि मग तिथून भोक पसरतं, बॉलपॉइंट सुई गोल टोकाने धागे बाजूला सारून मधून जाते. इलास्टेन जास्त असेल तर स्ट्रेच लिहिलेली सुई घ्या, ७५ नंबरची बहुतेक ठिकाणी चालते, टाके गाळायची तक्रार पण तिनेच जाते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ताणल्यावर पट्कन तुटतो.

सरळ टाका कापडाबरोबर ताणत नाही म्हणून शिवण तुटते. ओव्हरलॉक मशीन असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर अरुंद झिगझॅग, रुंदी ०.५ ते १, लांबी २.५ च्या आसपास, आधी चिंधीवर शिवून शिवण जोरात ओढून बघा. मशीनच्या कापड दाबून धरणाऱ्या पायाचा (प्रेसर फूट) दाब कमी करता येत असेल तर करा आणि कापड हाताने मागून ओढू नका, नाहीतर शिवण लाटालाटांची होते. खांद्याच्या शिवणीत एक पातळ न ताणणारी पट्टी घाला, कपड्याचं सगळं वजन तिथेच लटकतं. खालची दुमड दोन सुयांच्या ट्विन नीडलने शिवा, मागच्या बाजूला दोरा आपोआप झिगझॅग बसतो आणि ताणतो.

घट्ट कपड्याचं माप अंगाच्या मापापेक्षा कमी घ्यायचं असतं, किती कमी हे कापडाच्या स्ट्रेचवर. वर काढलेला टक्का इथे कामाला येतो. २५ टक्के ताणणाऱ्या कापडाचं माप अंगापेक्षा २० टक्के कमी घेतलं तर कपड्याला हलायला काहीच उरणार नाही, त्यामुळे ताणाचा थोडाच भाग वापरा आणि बाकीचा वाकण्या-बसण्यासाठी सोडा.

कंबरेचं इलास्टिक बदलणं

कापड धडधाकट आणि फक्त कंबर गेली म्हणून कपडा टाकून देऊ नका, हे काम अर्ध्या तासाचंही नाही. नेफा असेल तर मागच्या मधोमध शिवण दोन बोटं उसवा, जुनं इलास्टिक कापून बाहेर ओढून काढा. नवीन घेताना तीन प्रकार दिसतील. वेणी घातल्यासारखं असतं ते ताणलं की अरुंद होतं, ते नेफ्यात चालतं पण थेट कापडावर शिवू नका. निट इलास्टिक मऊ असतं, अंगाला टोचत नाही, रात्रीच्या कपड्यांना चांगलं. मागावर विणलेलं जाड असतं, गुंडाळत नाही, जड पँटला तेच घ्या.

लांबी कंबरेच्या मापापेक्षा साधारण ५ ते ८ सेंटीमीटर कमी, पण हा आकडा पक्का धरू नका, इलास्टिकचा जोर प्रत्येकाचा वेगळा असतो. कापण्याआधी ते पोटाभोवती लावा, पिन मारा, खाली बसा, वाका, श्वास पूर्ण घ्या, मगच कापा. सेफ्टी पिन लावून नेफ्यातून ओढून घ्या, दुसरं टोक आत पळू नये म्हणून ते कापडाला पिनेने धरून ठेवा. दोन्ही टोकं एकमेकांवर एक दीड सेंटीमीटर चढवा आणि चौकोनात झिगझॅग मारा, गाठ मारू नका, ती पाठीला टोचते. मग कंबर दोन्ही हातांनी पूर्ण ताणून सोडा म्हणजे चुण्या सगळीकडे सारख्या बसतील, उसवलेली जागा शिवून टाका, आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींवरून इलास्टिकसकट एक एक उभा टाका मारा, मग ते आत पिळत नाही.